निवडुंगाची कंबर

आजारी निवडुंग घेऊन माणूस नर्सरीत आला की पहिलं वाक्य पाण्याबद्दलच असतं. "ताई, पाणी मी फार घालत नाही हो. पंधरा दिवसांतून एकदा, तेही चमच्याने." मी पाण्याचं काही विचारलेलंच नसतं. कुंडी हातात घेऊन मी रोप बाजूने न्याहाळते. बुडाशी किती जाड, शेंड्याला किती, मध्ये कुठे बारीक झालंय का. बहुतेकदा दुखणं तिथेच सापडतं. बुडाशी मुठीएवढा गोल गरगरीत, आणि त्यातून वर निघालेला बोटाएवढा फिकट पोपटी शेंडा. काटे विरळ, केसासारखे मऊ. "वाढलाय बघा किती!" असं कौतुकाने सांगणारेही भेटतात. तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही, कारण हे रोप उपाशी आहे असं तोंडावर म्हटलं तर माणसं दुखावतात.

पुण्यात निवडुंग नि सक्युलंट विकायचं आणि ऑफिसांना कुंड्या भाड्याने द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आमचा काही माल सोलापूर रस्त्यावरच्या सोरतापवाडी–उरुळी कांचन पट्ट्यातून येतो, काही कालिम्पोंगहून. कालिम्पोंगच्या नर्सऱ्या निवडुंगासाठी पूर्वीपासून नावाजलेल्या आहेत. तिथे रोप भरपूर उजेडात, पारदर्शक छपराखाली वाढलेलं असतं. आमच्याकडे ते शेडनेटखाली येतं. तिथून फ्लॅटमधल्या टीव्हीच्या कपाटावर. प्रत्येक मुक्कामाला त्याचा उजेड कमी होत जातो, आणि शेवटच्या मुक्कामाला तर जवळजवळ संपतोच. रोप मरायला मात्र सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. अंगात साठवलेलं पाणी आणि साखर पुरवून पुरवून ते जगतं. म्हणून दोष उजेडाकडे जातच नाही. शेवटच्या आठवड्यात घातलेल्या पाण्याकडे जातो.

पाण्याने मुळं कुजतात हे खरंच आहे. पण तेवढंच पाणी, तशीच कुंडी गच्चीवर उन्हात असती तर माती दोन-तीन दिवसांत वाळली असती आणि रोपानेही पाणी वापरून टाकलं असतं. कोपऱ्यात तीच माती दहा-बारा दिवस ओली राहते. खाणंच नाही तर रोप पिणार कशाला? ग्राहकाला पाण्याचं वेळापत्रक हवं असतं. मी ते देत नाही. आधी कुंडी कुठे ठेवणार ते सांगा, मग पाण्याचं बोलू.

निवडुंगाची एक गोष्ट मला या धंद्यात पडल्यावरच उमगली. त्याला मिळालेल्या उजेडाची नोंद त्याच्या अंगावर राहते आणि ती पुसता येत नाही. जास्वंदीला ऊन कमी पडलं तर ती पानं गाळते, फांद्या लांबवते. तुम्ही ती छाटता, उन्हात ठेवता, आणि दोन महिन्यांत झाड पहिल्यासारखं दिसतं. निवडुंगाला गाळायला पानं नाहीत. अन्न तयार करणारं हिरवं अंग हेच त्याचं खोड. अंधारात त्यातल्या पेशी लांबट वाढतात, हरितद्रव्य कमी पडतं, काट्यांच्या गाद्या एकमेकींपासून दूर जातात. नंतर तुम्ही ते कितीही छान उन्हात ठेवा, पुढची वाढ जाड होते, पण बारीक झालेला भाग तसाच राहतो. त्याला मी कंबर म्हणते.

कोथरूडमधल्या एका काकांकडे छातीपर्यंत उंच असा खांबासारखा सिरियस होता. त्याला ठळक कंबर होती. बुडापासून गुडघ्यापर्यंत मनगटाहून जाड, मग हातभर एकदम बारीक, आणि वर पुन्हा जाड. मी ती बघून सहज म्हटलं, "काका, मध्ये काही वर्षं हा दुसरीकडे होता का?" काका हसले. कुंडी त्याच बाल्कनीत होती. समोरचा जुना बंगला पाडून सात मजली इमारत उभी राहिली होती. काकांना ऊन गेल्याचं कळलं ते कपडे वाळेनासे झाले तेव्हा. मग सोसायटीची परवानगी काढून त्यांनी कुंडी गच्चीवर नेली, तिथून वरची जाड वाढ झाली. इमारत कधी सुरू झाली, कधी त्यांच्या मजल्याच्या वर गेली आणि कुंडी कधी हलवली, हे सगळं त्या खोडावर बोट ठेवून सांगता येत होतं. वरचा भाग जड होऊन त्या कंबरेत मोडू नये म्हणून आम्ही त्याला बांबूचा आधार दिला. कापून नव्याने रुजवता आला असता. बारीक भाग काढून टाकायचा, वरच्या तुकड्याची जखम सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू द्यायची, मग कोरड्या रेतीत उभा करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम चांगलं होतं. काका नको म्हणाले. त्यांना तो तसाच हवा होता.

पुनर्विकासाची लाट आल्यापासून अशी कंबर मी वरचेवर बघते.

माणसाचा डोळा उजेड मोजण्याच्या बाबतीत अगदी निरुपयोगी आहे. "आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे, दिवसा दिवा लावावा लागत नाही," असं ग्राहक म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. बाहुली मोठी होते, डोळा सरावतो, वाचता येतं, म्हणजे उजेड आहे. मी एक साधं लक्समीटर जवळ ठेवते. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ते एक लाखाच्या आसपास जातं. पन्नास टक्के शेडनेटखाली त्याच्या निम्मं. बाल्कनीच्या कठड्याजवळ, थेट ऊन नसताना, दहा-बारा हजार. खिडकीच्या काचेच्या आतल्या बाजूला, ऊन नसेल तर, दोन-तीन हजार. तिथून मीटरभर आत सरकलात की हजाराच्याही खाली. आणि हॉलमधल्या त्या सुंदर कोपऱ्यात, जिथे कुंडी शोभून दिसते, तिथे शंभर-दीडशे. गच्ची आणि कोपरा यांच्यात पाचशे पटींहून जास्त फरक असतो. डोळ्याला तो पाच पटही वाटत नाही. मी मीटर हातात देते आणि ग्राहकालाच खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालत जायला सांगते. आकडे घसरताना बघितले की पुढचं मला समजवावं लागत नाही. मोबाइलवरची उजेड मोजणारी अॅप तितकी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. तेही नको असेल तर दुपारी बाराला पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी, कडा रेखीव दिसल्या तर निवडुंगाची जागा. नुसता धूसर डाग दिसला तर नाही.

वाळवंटी निवडुंगाला, म्हणजे मॅमिलारिया, गोल्डन बॅरल, एकिनॉप्सिस, अॅस्ट्रोफायटम वगैरेंना, रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. जिम्नोकॅलिशियम जरा कमी उन्हात भागवतो. अर्जेंटिनाकडच्या रानातही त्यांतल्या काही जाती गवताच्या नि झुडपांच्या आडोशाला वाढतात. बाकीच्यांना ऊनच हवं.

आता खिडकीच्या दिशेचं. इंग्रजी पुस्तकांत ठरलेलं वाक्य असतं: निवडुंग दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. लंडनच्या माणसासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. डिसेंबरच्या दुपारी तर क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर, म्हणजे ऊन थेट खोलीत शिरतं. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य इथे 48 अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीत छान ऊन येतं. मग तो चढत जातो. एप्रिलमध्ये इतका वर असतो की खिडकीवरचा दोन फुटी छज्जा सगळं ऊन अडवतो. मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलै अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे जे अडीच महिने पुस्तकातली दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम असायला हवी, त्याच अडीच महिन्यांत आपल्याकडे तिला दुपारचं ऊन नसतं.

याचा गोंधळ असा होतो. लोक डिसेंबर-जानेवारीत निवडुंग घेतात. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं, हवा छान असते, हौस असते. दक्षिणेच्या खिडकीत कुंडी ठेवतात. तिथे लख्ख ऊन असतं, रोप खुलतं, कधी मॅमिलारियाला गुलाबी फुलांचं कडंही येतं. माणसाला वाटतं, जागा जमली. मार्च उलटतो, ऊन हळूहळू खिडकीतून मागे सरतं, इतकं हळू की कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेर उन्हाचा कहर चालू असतो, त्यामुळे आपल्या रोपाला ऊन कमी पडतंय ही शंकाही येत नाही. उलट "उन्हाळा आहे" म्हणून पाणी वाढवलं जातं. जूनमध्ये ढग येतात. ऑगस्टमध्ये फोन येतो.

म्हणून मी पूर्वेची खिडकी सुचवते. सकाळचं ऊन वर्षभर येतं, फार तर खिडकीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकतं. पश्चिमही चालते, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर काच तापते, तेवढ्यापुरती पातळ जाळी बांधायची. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यासाठी उत्तम. उत्तरेच्या खिडकीत जूनच्या सकाळी-संध्याकाळी तिरपं ऊन येतं खरं, पण तेव्हा आकाशच झाकलेलं असतं. आणि कुठलीही खिडकी असो, कुंडी काचेला चिकटून, किंवा त्याहून बरं म्हणजे बाहेर ग्रिलमध्ये. स्वच्छ काच दहा-पंधरा टक्के उजेड खाते, ते सोसता येतं. मच्छरजाळी पाव हिस्सा तरी खाते. सरकत्या खिडकीत दोन काचा एकमेकींवर आलेल्या, त्यावर जाळी, त्यावर धूळ, आणि काळी फिल्म लावलेली असेल तर मग बोलायलाच नको. एका घरी मी फक्त जाळीची चौकट दुसऱ्या बाजूला सरकवून दिली आणि ओल्या फडक्याने काच पुसली. मीटर तीन हजारांवरून साडेचारला गेलं. त्याचे पैसे मागायला मलाच लाज वाटली.

ज्या काळाला युरोपातले निवडुंगवाले अंधार म्हणतात, तो त्यांचा हिवाळा. ते नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाणी जवळजवळ बंद करतात, रोपं थंड ठेवतात, म्हणजे उजेड कमी असताना ती वाढतच नाहीत आणि लांबतही नाहीत. शहाणी पद्धत आहे, पण आपण ती महिन्यांसकट उचलली की फसते. आपला अंधारा काळ पावसाळा. हिवाळ्यात इथे आकाश निरभ्र, ऊन कोवळं, रात्री गार. निवडुंगाला याहून चांगला मोसम नाही. जून ते सप्टेंबर मात्र दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, हवा दमट, आणि उबही पुरेशी, म्हणजे वाढीचा मोह होतो. अशा वेळी पाणी आणि खत दिलं की रोप भराभरा लांबतं. आमच्याकडे पावसाळ्यात कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली येतात आणि पाणी एकदम तुटतं. आधी तो पत्रा धुऊन घ्यायचा. वर्षभराची धूळ आणि शेवाळ बसून तो दुधाळ झालेला असतो. घरातल्या माणसाला मी सांगते, जुलैमध्ये निवडुंगाला विसरा. थोडा सुरकुतला तरी चालेल. सुरकुत्या पाण्याने भरून निघतात, कंबर भरून निघत नाही. खताचं तर नावच नको. फिकट पडलेल्या रोपाला लोक शक्ती यावी म्हणून खत घालतात, आणि ते आणखी फिकट, आणखी लांब होतं.

उजेड कमी पडतोय हे पटल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. सकाळी माझ्याकडून ऐकून गेला की दुपारी कुंडी थेट गच्चीवर. एप्रिल-मेमध्ये हे केलं तर दोन दिवसांत उन्हाकडच्या बाजूला पांढरट-तपकिरी चट्टा पडतो आणि तोही जन्माचा. घरात वाढलेल्या सालीला कडक उन्हाची तयारी नसते. आधी आठवडाभर सकाळचं ऊन, मग हळूहळू वेळ वाढवत तीन आठवड्यांत पूर्ण उन्हात. सुरुवातीला वर शेडनेटचा तुकडा. कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवायची, म्हणजे रोप एका अंगाला झुकत नाही. शेजारच्या कुंडीत डिसेंबरात फुलणारा ख्रिसमस कॅक्टस असेल आणि त्याला कळ्या धरल्या असतील, तर त्याला मात्र हलवू नका. जागा बदलली की तो कळ्या टाकून देतो.

ऑफिसांचं प्रकरण वेगळंच. हिंजवडीकडच्या एका कंपनीने प्रत्येक टेबलावर एक छोटा निवडुंग हवा अशी ऑर्डर दिली. "लो मेन्टेनन्स" हा त्यांचा आवडता शब्द. मी मीटर घेऊन गेले. टेबलावर साडेतीनशे-चारशे लक्स, माणसांना काम करायला अगदी योग्य. शनिवार-रविवार दिवे बंद, पडदे बंद. मी सांगितलं, इथे निवडुंग वाढणार नाही. त्यांच्या प्रशासनातल्या मॅडमना ते पटेना, कारण अमुक ऑफिसात तर आहेत म्हणे. असतात. फोटो काढण्यापुरते असतात. एका कर्मचाऱ्याने मला समजावलं की निवडुंग कॉम्प्युटरचं रेडिएशन शोषून घेतो, म्हणून तो स्क्रीनच्या शेजारीच हवा. या समजुतीला काडीचाही आधार नाही, पण तिच्यामुळे जितके निवडुंग काळोखात मेले तितके दुसऱ्या कशाने मेले नसतील. याउलट काटेरी झाड घरात नको असं वास्तुवाले सांगतात, तेव्हा मी गप्प बसते. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या भीतीने लोक कुंडी दाराबाहेर, गच्चीत, बाल्कनीच्या कठड्यावर ठेवतात, आणि रोपाचं भलं होतं.

शेवटी त्या कंपनीशी मी भाड्याचा करार केला. कुंड्यांचे दोन संच. एक तीन आठवडे टेबलांवर, दुसरा तेवढा वेळ आमच्याकडे शेडनेटखाली. मग अदलाबदल. टेबलावर असताना पाणी अजिबात नाही. तशी चिठ्ठीच कुंडीला चिकटवली, तरी चहाचा उरलेला घोट घालणारे महाभाग निघालेच. तीन आठवडे उपास करणं निवडुंगाला कठीण नाही. तिथे त्याने वाढावं ही अपेक्षाच मी काढून टाकली होती. वाढायचं ते आमच्याकडे येऊन. हिशेबात हे कंपनीलाही परवडलं, कारण दर काही महिन्यांनी मेलेली रोपं बदलण्याचा खर्च थांबला.

सगळ्यात जास्त खपतो तो लाल-पिवळ्या डोक्याचा मून कॅक्टस, आणि मला तो विकताना सगळ्यात जास्त बोलावं लागतं. वरचा रंगीत गोळा हा जिम्नोकॅलिशियमचा असा प्रकार आहे की त्यात हरितद्रव्यच नाही. स्वतःचं अन्न तो करू शकत नाही. 1940च्या दशकात जपानमध्ये अशी रोपं कलम करून जगवली गेली, आज त्यांचं मोठं उत्पादन दक्षिण कोरियात होतं. खालचा तिधारी हिरवा खुंट म्हणजे आपल्या ड्रॅगन फ्रुटचा वेल. दोघांचं पोट त्या चार इंचाच्या हिरव्या तुकड्यावर. त्याला उजेड मिळाला नाही तर आधी खुंट पिवळा, मऊ पडतो आणि मग वरचं लाल डोकंही जातं. शिवाय दोघांच्या गरजा जुळत नाहीत. कडक उन्हात लाल गोळा भाजतो, सावलीत खुंट उपाशी. पूर्वेचं दोन-तीन तास ऊन किंवा दिवसभर भरपूर झिरपता उजेड, एवढंच त्याला मानवतं. नीट सांभाळला तरी तो काही वर्षांचाच पाहुणा. हे मी विकायच्या आधी सांगते. काही जण ठेवून देतात, बरेच घेतातच. काट्यांवर गरम गोंदाने वाळकी फुलं चिकटवलेले निवडुंगही बाजारात येतात. ते मी ठेवत नाही. तो गोंद शेंड्यावरच बसतो, जिथून रोप वाढतं.

ज्यांच्याकडे ऊन खरोखरच नाही त्यांच्यासाठी दिवा हा चांगला उपाय आहे, आणि लोक समजतात तितका महागही नाही. तळमजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी असं एक मांडणीचं कपाट करून दिलं. प्रत्येक फळीवर साधी पांढरी एलईडी पट्टी, 20 वॉटची, चार फुटी. अशी एक पट्टी साधारण दोन हजार ल्युमेन देते. रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर मीटर चार हजारांच्या आसपास दाखवत होतं. शेजारी दुसरी पट्टी लावली, साडेसात हजार झालं. हे गच्चीच्या उन्हापुढे काहीच नाही, पण रोज तेरा-चौदा तास, ढग नाहीत, सुट्टी नाही. एकूण बेरीज मॅमिलारियाला पुरते. अशी एक पट्टी चौदा तास चालली तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज जाते. महत्त्वाचं आहे ते अंतर. छताला लावलेला दिवा कितीही प्रखर दिसला तरी खाली टेबलावर त्यातलं फार थोडं पोचतं. जांभळ्या उजेडाचे खास "ग्रो लाइट" म्हणून जे विकतात, त्यांत रोप वाढतं, पण त्याचा खरा रंग दिसत नाही. फिकट पडतंय, कीड लागलीय, काही कळत नाही. मी पांढराच लावायला सांगते.

त्या विद्यार्थ्याने उत्साहाने दिवे रात्रभर चालू ठेवले होते. निवडुंगाला रात्र लागते. आपण बघतो ती बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. वाळवंटात दिवसा रंध्रं उघडली तर अंगातलं पाणी उडून जाईल, म्हणून निवडुंग ती रात्री उघडतो, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात अंगात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून, उजेडाच्या बळावर त्याची साखर करतो. रात्रच नसेल तर साठवणार कधी? दोनशे-तीनशे रुपयांचा टायमर लावला, तेव्हा ते मार्गी लागलं. रात्रीचा गारवाही याच कामाला मदत करतो. मुंबईच्या ग्राहकांना मी म्हणूनच फुलांची हमी देत नाही. तिथे रात्री पुण्यासारख्या गार होत नाहीत.

सगळेच निवडुंग वाळवंटातले नसतात. आपल्याकडे घरोघर ब्रह्मकमळ म्हणून लावतात ते रात्री फुलणारं पांढरं फूल एपिफायलमचं, म्हणजे निवडुंगाच्याच कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. एपिफायलम, रिप्सालिस आणि ख्रिसमस कॅक्टस मूळचे जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. त्यांना दुपारचं ऊन सोसत नाही, झिरपता उजेड आवडतो. बाल्कनी आहे पण ऊन नाही, असं घर असेल तर मी हेच पुढे करते. घरात त्याहूनही कमी उजेड असेल तर हावर्थिया, गॅस्टेरिया. आणि अगदीच कोपरा असेल तर स्नेक प्लांट किंवा झीझी. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नाही, कारण निवडुंग मेला की माणूस दुसरा घ्यायला येतो आणि झीझी मरतच नाही.

ज्या घरात चार तास ऊन नाही आणि दिवा लावायची तयारी नाही, तिथे वाळवंटी निवडुंग नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो काटक आहे हे खरं, पण त्याचा काटकपणा उन्हासाठी आणि तहानेसाठी आहे, काळोखासाठी नाही. तेव्हा निवडुंग घ्यायला निघण्याआधी एक सुट्टीचा दिवस घरी काढा. ऊन खिडकीत किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते लिहून ठेवा, आणि ती चिठ्ठी घेऊन नर्सरीत या. डिसेंबरात बघितलं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा बघा.